पश्चिमेकडे मारलेले चेंडू

कुठल्याही नव्या जागी गेले की मी आधी तिथलं बाथरूम बघते. हॉटेल असो, मंगल कार्यालय असो, नाहीतर कुणाचा नवाकोरा बंगला. दिवाणखान्यातलं झुंबर मला नंतर दिसतं. माझ्या या परीक्षेत बडोद्याची ती गोल्फची ड्रायव्हिंग रेंज पहिल्याच संध्याकाळी नापास झाली. तिथे बाथरूम नव्हतंच. मी विचारलं तेव्हा मालकांनी हात पसरून सगळं शेत दाखवलं आणि हसून म्हणाले, "भाभी, अहीं तो बधुं खुल्लुं छे." पुरुषांचं ठीक आहे हो. मी मात्र पुढची दोन वर्षं दुपारनंतर पाण्याला तोंड लावलं नाही.

गोल्फ मी स्वतः कधीच खेळले नाही. मी सासऱ्यांना घेऊन जायचे. माझी सकाळची शाळा होती, नवरा नंदेसरीच्या कारखान्यात पाळीवर असायचा, तेव्हा संध्याकाळी बाबांना स्कूटरवर मागे बसवून निजामपुऱ्यातून निघायचं आणि सुभानपुऱ्यापलीकडे जिथे घरं संपून शेतं लागायची तिथे पोचायचं, हे काम माझ्याकडे आलं. बाबा मागे बसून काठ्यांची पिशवी आडवी धरायचे आणि रस्त्यातले रिक्षावाले आम्हाला शिव्या घालायचे.

ही नव्वदच्या दशकाच्या शेवटची गोष्ट. बाजार खुला झाला होता आणि बडोद्याच्या अंगात वारं शिरलं होतं. कालपर्यंत जिथे तुरी उभ्या होत्या तिथे आज काहीतरी 'इंटरनॅशनल' उभं राहायचं. त्याच लाटेत रेंजच्या या मालकांनीही आपल्या लांबट शेतात गोल्फच्या सरावाचं मैदान काढलं. म्हणजे खेळ पुरा नाहीच. एका जागी उभं राहायचं, टोपलीतले चेंडू एकामागून एक लांब मारायचे, टोपली संपली की घरी जायचं. माझ्या सासूबाईंना ही कल्पनाच पटत नव्हती. "पणजोबांनी संस्थानच्या फौजेत तलवार चालवली," त्या म्हणायच्या, "आणि हे शेतात जाऊन काठी चालवतात. तीसुद्धा शत्रू नसताना."

त्या काठ्यांचीही एक गोष्ट होती. बाबा रिफायनरीत होते. त्यांच्या तरुणपणी नवं युनिट उभं करायला परदेशी इंजिनियर आले, त्यांनी कॉलनीमागच्या माळावर खड्डे खणून खेळ मांडला आणि बाबांना त्यात ओढलं. जाताना त्यांच्यातल्या एकाने आपल्या अर्ध्या काठ्या बाबांना देऊन टाकल्या. मग त्या कपाटावर धूळ खात पडल्या, ते थेट बाबा निवृत्त होईपर्यंत आणि ही रेंज निघेपर्यंत.

पण तोवर बाबांच्या डोळ्यांनी दगा दिला होता. काचबिंदू. डॉक्टरांनी स्वच्छ सांगितलं होतं की गेलेली नजर परत येत नाही, थेंब घालून उरलेली सांभाळायची. थेंब आई, म्हणजे सासूबाई, स्वतः घालायच्या, घड्याळ बघून, एकही वेळ न चुकवता. मात्र उरलेली म्हणजे नक्की किती, हे घरात कुणाला कळत नव्हतं, कारण तपासायच्या खोलीत बाबा एकटे जायचे आणि बाहेर येऊन "झकास दिसतंय" म्हणायचे. एकदा त्यांनी स्कूटर गाईला घासली. त्या दिवसापासून किल्ली आईंच्या कमरेला गेली आणि त्यांनी बाबांकडून शब्द घेतला, "ज्या दिवशी दिसेनासं होईल त्या दिवशी काठ्या पुन्हा कपाटावर, आणि तुम्ही घरात. कबूल?" बाबा म्हणाले, "कबूल." आई दुष्ट नव्हत्या. त्या घाबरल्या होत्या, आणि घाबरल्या की त्या हुकूम सोडायच्या.

म्हणजे बाबांच्या दिवसात घराबाहेरची तेवढी एकच संध्याकाळ उरली होती. ती गेली असती तर पुढे नुसतं हिंचक्यावर झोके घेणं आणि रेडिओ. हे त्यांना माहीत होतं आणि मलाही.

रेंजच्या सोयींबद्दल काय सांगू! पायाखाली काथ्याच्या चटया, दाराबाहेर पाय पुसायला असतात तशाच, त्यांवर खोट्या गवताचे तुकडे चिकटवलेले. चेंडू ठेवायला रबरी नळीचे कापलेले तुकडे. चेंडू कुठल्या कुठल्या देशांतून वापरून आलेले, कुणाला भेग, कुणाचा रंग उडालेला. बाजूची जाळी जिथे फाटली होती तिथे मासे पकडायच्या जाळ्याने ठिगळ. अंतर कळावं म्हणून बांबूंवर खताची रिकामी पोती टांगलेली. बसायला प्लास्टिकच्या खुर्च्या, प्यायला माठ. चेंडू वेचायला दुपारी शेजारच्या शेतातल्या बायका यायच्या आणि कापूस वेचावा तशा गप्पा मारत वेचायच्या.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे आख्खं मैदान उलटं होतं. मालकांना वास्तुवाल्याने बजावलं होतं की दरवाजा पूर्वेलाच हवा, नाहीतर धंदा बसेल. दरवाजा पूर्वेला आला, म्हणून मारायच्या जागाही पूर्वेला आल्या, आणि चेंडू पश्चिमेकडे जायला लागले. सकाळी सूर्य पाठीशी असायचा, फार छान. पण सकाळी येतो कोण? सगळे कारखान्यांतले आणि ऑफिसांतले लोक, ते संध्याकाळी यायचे, आणि तेव्हा सूर्य नेमका समोर. चेंडू चटईवर असेपर्यंत दिसायचा. काठी लागली की तो उन्हात शिरायचा आणि संपला. कुठे गेला, किती गेला, कुणाला काही पत्ता नाही.

दुसरीकडे लोकांनी पैसे परत मागितले असते. बडोद्याच्या लोकांनी त्यातून रीत काढली. मारणाऱ्याच्या मागे कुणीतरी उभं राहायचं, कपाळावर हाताचा आडोसा धरायचा आणि चेंडू कुठे गेला ते सांगायचं. "सीधो गयो!" "थोडो जमणी बाजू, पण लांबो!" सांगणाऱ्यालाही काही दिसत नसायचं. त्याच्यासमोरही तोच सूर्य. पण काठीचा आवाज ऐकू यायचा. 'टक्' असा कोरडा आला तर चांगला, 'थप्प' आला तर वाईट. त्या आवाजावरून आणि मारणाऱ्याच्या वयावरून जो तो अंदाज ठोकून द्यायचा. वाईट गेला असं कुणीच कुणाला सांगत नसे. फार तर "जमणी बाजू", म्हणजे उजवीकडे. मारणाऱ्यालाही हे ठाऊक असायचं, पण तो मान डोलवून पुढचा चेंडू ठेवायचा. मग तो मागे यायचा आणि दुसऱ्याचं सांगायचा. मोठमोठे मॅनेजर, दिवसभर दुसऱ्यांच्या आकड्यांवर संशय घेणारे, तिथे येऊन शेजाऱ्याच्या शब्दावर डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

बाबांचं सांगणं माझ्याकडे होतं. पहिल्या दिवशी मला काय बोलावं कळेना, म्हणून मी शाळेतल्या आवाजात म्हटलं, "गेला!" शेजारचे लोक हसले. मग मी शिकले. "सरळ गेला, बाबा. लिंबाच्या पलीकडे." "हा जरा उजवीकडे, पण पोत्याच्या पुढे." लिंब खरंच होता, शेताच्या टोकाला, उन्हात त्याची नुसती काळी कड दिसायची.

एके दिवशी आभाळ भरून आलं. रेंजवर पहिल्यांदाच सगळ्यांना सगळं दिसत होतं आणि जो तो थोडा ओशाळला होता. बाबांनी मारला. चेंडू बाजूच्या बांबूवर आपटला आणि उलटा येऊन त्यांच्या बुटापासून हातभर अंतरावर थांबला. बाबा मान वर करून दूर लिंबाकडे बघत उभे होते, चेहऱ्यावर तेच शांत, वाट बघणारं हसू. एरवी ऊन असल्यामुळे सगळेच असे उभे असायचे. त्या दिवशी ऊन नव्हतं आणि ते एकटेच तसे उभे होते. पायाशी असलेलं तेवढं त्यांना दिसत होतं. उडालं की काही नाही. मी पुढे झाले, पायाने तो चेंडू हळूच बाजूला सारला आणि म्हटलं, "सरळ गेला, बाबा."

घरी मी काही बोलले नाही. थेंब वेळेवर पडत होते, डॉक्टर बघत होते, जे करायचं ते होतच होतं. माझ्या बोलण्याने नजर परत येणार नव्हती, फक्त संध्याकाळ गेली असती. आणि खरं सांगायचं तर ती संध्याकाळ मलाही हवी होती.

कारण तिथे काहीतरी व्हायचं मला. बाबांच्या मागे मी खुर्ची ओढून बसायचे. समोर ऊन पिकत जायचं, आधी पांढरं, मग मधासारखं, मग त्यात धूळ तरंगायला लागायची आणि शेताच्या कडा विरून जायच्या. दहा-बारा माणसं ओळीने उभी राहून त्या उजेडात काहीतरी फेकतायत, आणि ते परत येत नाहीये. टक्. टक्. मध्येच मऊ थप्प. सगळ्यांचे आवाज बुडाल्यासारखे यायचे, "सीधो", "बहु सरस", "लांबो गयो". कुणी घाईत नाही, कुणी हरत नाही. अर्धवट मिटल्या डोळ्यांनी मला वाटायचं की हे चेंडू खाली पडतच नाहीत, पलीकडे कुठेतरी जमा होतायत.

संध्याकाळी बगळे यायचे. नांगरलेल्या पट्ट्यात ते उतरले की उन्हात नुसते पांढरे ठिपके दिसायचे, आणि मी कितीदा तरी बगळ्याला चेंडू समजून बाबांना सांगितलं असेल, "तो बघा, तिथे पडला." मग तो चेंडू उठून चालायला लागायचा. बाबा म्हणायचे, "थांबला का?" मी म्हणायचे, "थांबेल थोड्या वेळाने." ते हसायचे. काय समजून हसायचे कोण जाणे, मी विचारलं नाही.

सूर्य बुडाला की एकदम गार वारा यायचा आणि दूर रिफायनरीची ज्योत दिसायला लागायची. बाबांना ती दिसत नसणार, पण तिची दिशा पाठ होती. काठ्या पुसता पुसता ते तिकडे तोंड करून म्हणायचे, "आज मोठी असेल. वारा तसा आहे." आणि ती असायची. मग म्हणायचे, "चल ने, आई वाट बघत असतील." परतताना स्कूटरवर ते मुलासारखे बडबड करायचे. कुठला फटका कसा बसला, लिंबाच्या पलीकडे किती गेले, खांदा आता कसा मोकळा झालाय. मी हो हो म्हणायचे. तेवढ्या वाटेवर मी फार सुखात असायचे.

मग मालकांचे मेहुणे अमेरिकेहून आले. त्यांनी एक संध्याकाळ खेळून बघितली आणि पोट धरून हसले. सूर्याकडे तोंड करून रेंज? जगात कुठे बघितलीय? मालक आधी रागावले, मग विचारात पडले. मेहुण्यांनी पैसा घातला. पूर्वेचा दरवाजा वास्तूपुरता तसाच ठेवला आणि मारायच्या जागा शेताच्या दुसऱ्या टोकाला नेल्या, तोंड पूर्वेकडे, सूर्य पाठीशी. रेंज सगळा उन्हाळा बंद राहिली. बाबा त्या दिवसांत खोलीत रिकाम्या हातांनी खांदे फिरवत असायचे आणि आई त्यांना कपाट सांभाळा म्हणून ओरडायच्या.

उघडायच्या दिवशी मालकांनी घरी येऊन निमंत्रण दिलं, "काका, फॅमिली साथे आवजो." त्यामुळे आई पहिल्यांदाच आमच्याबरोबर आल्या, रिक्षातून, ठेवणीतली साडी नेसून.

मी लपवणार नाही, मला ती नवी रेंज फार आवडली. काथ्याच्या चटया जाऊन जाड हिरवा गालिचा आला होता. जमिनीपासून उंच ओटा, प्रत्येकाला वेगळा कप्पा, वर पंखा, अंतराच्या पिवळ्या पाट्या, त्यांवर ठसठशीत आकडे. चेंडू सगळे एकसारखे पांढरेशुभ्र. मोठमोठे दिवे. आणि बाथरूम! बायकांचं वेगळं, फरशीचं, आतून कडी लागणारं, नळाला पाणी असलेलं. मी आईंना हाताला धरून दाखवायला नेलं. गरज नसताना परत एकदा एकटी जाऊन आले. माझ्या परीक्षेत ही जागा पहिल्या नंबराने पास होती.

ओट्याला पायऱ्या होत्या. बाबांचा पाय तिथे चाचपडला, मी कोपराला धरलं. आईंनी ते बघितलं. बाबांनी काठी काढली, गालिच्यावर ती टेकवून जागा जोखली, चेंडू ठेवला. दिवे लागले होते आणि अजून उजेडही होता. त्यांनी मारला. आवाज चांगला आला, कोरडा.

त्या ढगाळ दिवसाचा बांबूवर आपटलेला चेंडू सोडला, तर दोन वर्षांत मी बाबांचा फटका पहिल्यांदाच पुरता बघितला. चेंडू वर गेला, डावीकडे वळला आणि पहिल्या पाटीच्याही अलीकडे मेल्यासारखा पडला. मला दिसला, आईंना दिसला, शेजारच्या कप्प्यातल्यांना दिसला. सगळ्यांना सगळंच दिसत होतं, त्यामुळे कुणीच कुणाचं सांगत नव्हतं. जो तो आपापल्या चेंडूकडे बघत होता.

बाबा मान वर करून उभे होते. वाट बघत. माझ्या जिभेवर 'सरळ' आलं होतं, पण सगळ्यांच्या डोळ्यांदेखत डावीकडे पडलेल्या चेंडूला सरळ कसं म्हणायचं? बाबा तसेच उभे राहिले. ते उभं राहणं मला बघवेना.

"अहो, वर काय बघताय?" आई म्हणाल्या. "तो केव्हाच पडला. तिकडे, डाव्या हाताला."

बाबांनी डावीकडे तोंड फिरवलं, पण फार जास्त, पार जाळीकडे. आई ओट्यावर चढल्या, त्यांच्या समोर जाऊन उभ्या राहिल्या आणि त्यांच्या डोळ्यांत बघत राहिल्या.

"दिसला नाही तुम्हाला?"

"नाही."

"आणि आधी दिसायचे?"

"पायाशी असतो तोवर दिसतो. उडाला की नाही." मग म्हणाले, "झाली दोन वर्षं."

आईंनी माझ्याकडे बघितलं. मी मान खाली घातली, आणि त्यांना काही विचारावं लागलं नाही.

बाबांनी काठी पुसली. ती पिशवीत घालायला लागले, पण पिशवीचं तोंड सापडेना. मी पुढे झाले तर त्यांनी हातानेच नको म्हटलं. "कबूल केलं होतं मी," ते आईंना म्हणाले. "चल ने, जाऊ घरी." त्या आवाजात तक्रार नव्हती, आणि त्याचंच मला रडू आलं. मग ते माझ्याकडे वळून म्हणाले, "सगळे असेच जायचे का गं?"

"मलाही दिसायचे नाहीत, बाबा," मी म्हटलं. "ऊन असायचं."

त्यांनी मान हलवली. मला वाटलं, आता आई रिक्षा बोलवायला सांगणार. त्यांनी पदर कमरेला खोचला आणि बाबांच्या मागे, माझ्या जागेवर, येऊन उभ्या राहिल्या.

"आख्खी टोपली भरलेली आहे," त्या म्हणाल्या. "मला दिसतंय ना? मग मारा."

बाबा हलले नाहीत. आई पुन्हा म्हणाल्या, "मारा म्हटलं ना."

त्यांनी चेंडू ठेवला आणि मारला. "डावीकडे," आई म्हणाल्या. "जवळच." पुढचा मारला. "पुन्हा डावीकडे. बेडकासारखा गेला." शेजारच्या कप्प्यात कुणीतरी हसलं. बाबा हसले नाहीत. ते कान देऊन ऐकत होते, शाळेतल्या हुशार मुलासारखे. त्यांनी पाय थोडा मागे घेतला. "डावीकडेच. पण आधीच्यापेक्षा लांब." त्यांनी खांदा सैल केला, काठीवरची पकड बदलली, पुन्हा मारला. आई गप्प. किती वेळ गप्प! चेंडू दिव्यांच्या उजेडातून पुढे पुढे जात होता आणि त्या मान उंचावून त्याच्या मागे बघत होत्या.

"हा बरा गेला," त्या शेवटी म्हणाल्या.

"खरंच?" बाबांनी विचारलं.

"मग? मी कशाला खोटं सांगू?"

बाबांचा चेहरा असा फुलला की मला दुसरीकडे बघावं लागलं. दोन वर्षं मी त्यांना रोज 'सरळ गेला' म्हणून सांगत आले होते. 'खरंच?' असं त्यांनी मला एकदाही विचारलं नव्हतं.